सुमुरगेनेंगच्या १७६ गाड्या: शेत विकलेल्या एका इंडोनेशियन गावाचा हिशोब

फेब्रुवारी २०२१ मधला तो व्हिडिओ कदाचित तुमच्याही व्हॉट्सअपवर येऊन गेला असेल. गाड्या वाहून नेणारे मोठे ट्रक एकामागोमाग एक खेड्यातल्या बारक्या रस्त्याने आत शिरतायत आणि वर नव्या कोऱ्या गाड्या. एकाच दिवशी १७ गाड्या गावात आल्या. गावच्या सरपंचाने पत्रकारांना सांगितलं की आतापर्यंत गावात १७६ नव्या गाड्या झाल्यात, मग काय, जगभरच्या मीडियात "करोडपतींचं गाव" म्हणून बातमी. जवळजवळ वर्षभराने दुसरी बातमी आली, त्याच पट्ट्यातले लोक पैसे संपले, गुरं विकून खातोय असं सांगत मोर्चात उभे. दोन्ही बातम्यांखाली लोकांची प्रतिक्रिया सारखीच होती, अडाणी माणसाला पैसा मिळाला की असंच होणार. आपल्याकडे वाघोली-हिंजवडीच्या गुंठामंत्र्यांबद्दल बोलतात तसंच अगदी.

मला हे निदान पटत नाही, म्हणून हे प्रकरण जरा नीट उलगडून बघूया.

गाव पूर्व जावामधलं, तुबान जिल्हा, जेनू तालुका, नाव सुमुरगेनेंग. सुराबाया शहरापासून पश्चिमेला साधारण १०० किलोमीटर, जावाच्या उत्तर किनाऱ्याच्या हायवेला लागून असलेला हा पट्टा. जावा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाण्याने भरलेली भातखाचरं येतात, पण तुबानचा बराच भाग चुनखडीचा, कोरडवाहू. इथे मका, मिरची, भुईमूग. मधेमधे ताडाची झाडं, त्यांचा रस काढून बांबूच्या नळकांड्यांत भरून कावडीसारखा खांद्यावर टाकून विकत फिरणारे लोक ही तुबानची जुनी ओळख. दुसरी ओळख नवी, सिमेंटचा मोठा कारखाना, पेट्रोकेमिकल प्लँट, किनाऱ्यावर कोळशाचं वीजकेंद्र. म्हणजे इंडस्ट्री काय असते हे इथल्या लोकांना पहिल्यांदाच कळत होतं अशातला भाग नाही, शेजारच्या गावांचं काय झालं ते ते बघत आलेले होते.

आता अशा गावात मालमत्ता म्हणजे नक्की काय हे आधी समजून घ्यावं लागेल. कागदावर बघितलं तर १९६० चा जमिनीचा मूळ कायदा, त्यात पूर्ण मालकी हक्क फक्त इंडोनेशियन नागरिकाला, त्याचं सर्टिफिकेट जमीन खात्याकडून मिळतं. प्रत्यक्षात खेड्यापाड्यातल्या खूप जमिनींना हे सर्टिफिकेट नव्हतंच, ग्रामकार्यालयात एक जाडजूड जुनं रजिस्टर असतं, त्याला लेटर सी म्हणतात, मुळात वसाहतीच्या काळातल्या सारावसुलीच्या नोंदी, त्यात आजोबाच्या नावावर तुकडा, पुढे कोणाला गेला त्याची नोंद, आणि घरात दरवर्षीची टॅक्सची पावती. आपल्या तलाठ्याकडच्या फेरफारासारखंच, वारस नोंद राहिलेली असली तरी कोणाचा बांध कुठे हे सगळ्या गावाला पाठ. २०१७ पासून सरकारने मोठी मोहीम काढून गावंच्या गावं मोजून सर्टिफिकेटं वाटायला घेतली, त्यामुळे चित्र झपाट्याने बदललं.

वाटण्यांचा प्रकारही आपल्याला ओळखीचा वाटेल. जावामध्ये मुलींनाही जमिनीत वाटा असतो, काही घरांत मुलाला दोन आणि मुलीला एक, बऱ्याच घरांत सगळ्यांना सारखा. त्यामुळे तुकडे बारीक होत जातात.

पण खरी गोष्ट कागदात नाही. एक हेक्टर मक्याच्या शेतावर किती लोक जगतात ते मोजा. मालक आहेच. मालक म्हातारा असेल किंवा सुराबायाला नोकरीला असेल तर कसणारा वेगळा, अर्ध्या वाट्याने. याला जावामध्ये मारो म्हणतात आणि आपल्याकडच्या अर्धेलीत नि यात काडीचा फरक नाही. लावणीला, खुरपणीला, मिरची तोडायला मजूर, त्यात बायकाच जास्त. पीक उभं असतानाच अंदाजाने सौदा करून घेणारा व्यापारी आणि त्याची तोडणीची टोळी. कणसं काढून झाल्यावर उरलेला हिरवा-वाळका कडबा गुरांना. जावाच्या खेड्यात गाय-बैल म्हणजे घरातली बँक, मुलाच्या शाळेची फी आली, घरात लग्न निघालं, कोणी आजारी पडलं की एक जनावर बाजारात जातं. आणि त्यातही वाट्याने पाळायची पद्धत आहे, गाय एकाची, सांभाळणारा दुसरा, वासरं वाटून घ्यायची. ज्याच्या नावावर वीतभरही जमीन नाही असा माणूसही दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापून दुसऱ्याची गाय पाळून दोन-तीन वर्षांत स्वतःची गाय करतो. ही सगळी माणसं त्या एका हेक्टरवर आहेत आणि यातल्या एकाचंच नाव रजिस्टरात आहे.

आता प्रोजेक्ट. इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी पेर्तामिना आणि रशियाची रोसनेफ्ट, दोघांची भागीदारी, पेर्तामिनाचा वाटा ५५ टक्के, रोसनेफ्टचा ४५. २०१६ मध्ये करार, २०१७ मध्ये संयुक्त कंपनी. दिवसाला ३ लाख बॅरलची रिफायनरी आणि जोडीला पेट्रोकेमिकल. जागा लागणार साधारण ८४० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त वनखात्याची आणि सरकारी, बाकी ३८० हेक्टरच्या आसपास गावकऱ्यांची शेतं. सुमुरगेनेंग, वडुंग, कलियुंतू वगैरे गावं यात आली.

आणि लोक तयार नव्हते, हे विसरून चालणार नाही, कारण व्हायरल बातम्यांत हा भाग गायबच होता. २०१९ मध्ये जागा ठरवण्याच्या गव्हर्नरच्या आदेशाला गावकऱ्यांनी कोर्टात आव्हान दिलं, मोर्चे निघाले, जमीन मोजायला येऊ देणार नाही म्हणाले. शेवटी कोर्टातून काही हाती लागलं नाही. त्यांच्या २०१२ च्या भूसंपादन कायद्याची रचना अशी आहे की एकदा "सार्वजनिक हित" ठरलं आणि जागा नक्की झाली की भावावर भांडता येतं, जमीन द्यायची की नाही यावर नाही. भाव स्वतंत्र मूल्यांकन करणारी फर्म ठरवते, मग बैठक, बैठकीत पटलं नाही तर १४ कामकाजी दिवसांत कोर्टात जा, नाही गेलात किंवा हरलात तर पैसे कोर्टात जमा करून टाकतात आणि जमीन सरकारची झाली असं समजायचं. हा कोर्टात पैसे जमा करण्याचा प्रकार गावात सगळ्यांना माहीत असतो, आणि भीती त्याचीच असते. शेजाऱ्याने सही केली, त्याला पैसे मिळाले, आपले कोर्टात अडकले तर? एकेकाने सह्या केल्या त्या अशा.

भाव मात्र चांगला मिळाला, ते नाकारण्यात अर्थ नाही. चौरस मीटरला ६ ते ८ लाख रुपिया, तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण १९५ रुपिया पडायचे, म्हणजे गुंठ्याला तीन-चार लाख रुपये. सुमुरगेनेंगमधल्या सुमारे २२५ कुटुंबांची जमीन गेली, सरपंचाच्या म्हणण्याप्रमाणे घरटी सरासरी ८ अब्ज रुपिया, म्हणजे चार कोटी रुपयांच्या आसपास. गावातल्या एकाला सर्वात जास्त २६ अब्ज मिळाले. आणि २८ अब्ज मिळाले ते सुराबायाच्या एका माणसाला, ज्याची गावात जमीन होती. म्हणजे सगळ्यात मोठा चेक गावाबाहेरच गेला, हे वाचून कोकणातल्या लोकांना फार आश्चर्य वाटणार नाही.

आता गाड्यांचा हिशोब करू, कारण सगळा तमाशा गाड्यांवरून झाला. २२५ घरं गुणिले ८ अब्ज म्हणजे १८०० अब्ज रुपिया. एक गाडी सरासरी ४० कोटी रुपियाची धरली, म्हणजे तिकडची इनोव्हा वगैरे, तर १७६ गाड्यांचे झाले ७० अब्ज. म्हणजे आलेल्या पैशातले ४ टक्के! चार कोटी मिळालेल्या माणसाने वीस लाखाची गाडी घेतली एवढंच झालंय. पुण्यात फ्लॅट विकून कोणी गाडी घेतली तर आपण पेढे खातो. काहींना चालवता येत नव्हती हे खरं आहे, हौस होती हेही खरं, पण ज्या माणसाचं आयुष्य एका मोटरसायकलवर बायको, दोन पोरं आणि चाऱ्याचा भारा नेण्यात गेलं त्याने पाऊस न लागणारी गाडी घेतली याला उधळपट्टी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. डीलर लोक मागे लागतात ते वेगळंच. गावात रोकड आलीय म्हटल्यावर सेल्समन घरी येऊन बसतात, हे जगात कुठेही होतं.

सरपंचाने खर्चाचा जो अंदाज दिला होता तो जास्त महत्त्वाचा आहे, साधारण ९० टक्के लोकांनी गाडी घेतली, ७५ टक्के लोकांनी दुसरीकडे जमीन घेतली, अर्ध्यांनी घर बांधलं, धंद्यात पैसे घालणारे फार कमी. बातम्यांनी पहिला आकडा उचलला. मी दुसऱ्यावर थांबतो. चारातल्या तिघांनी परत जमीनच घेतली, म्हणजे शेतकऱ्याची अक्कल ठिकाणावर होती. अडचण अशी की एकाच वेळी शेकडो लोक रोख पैसे घेऊन जमीन शोधायला बाहेर पडले की आजूबाजूच्या जमिनीचे भाव तिथेच थांबत नाहीत. जवळ मिळेना म्हणून लांब घ्यायची, लांबच्या शेतात रोज जाता येत नाही, मग तिथलाच माणूस अर्ध्या वाट्याने लावायचा, आणि जो कालपर्यंत स्वतः नांगर धरत होता तो आज दुसऱ्या तालुक्यातला गैरहजर मालक. त्याच्या जुन्या शेतावरची मजूर बाई तिकडे जाऊच शकत नाही, तिचा विषय संपला.

बरं, पैसे बँकेत ठेवले असते तर? हा सल्ला सगळ्यांनी दिला, म्हणून तोही तपासून बघू. फेब्रुवारी २०२१ मध्येच इंडोनेशियाच्या सेंट्रल बँकेने आपला मुख्य दर साडेतीन टक्क्यांवर आणला होता, कोविडचा काळ. एफडीला ३ टक्के धरा, त्यावर २० टक्के टॅक्स बँकच कापून घेते. ८ अब्जवर महिन्याला हातात १ कोटी ६० लाख रुपिया, आणि तुबानमधलं किमान वेतन तेव्हा महिना २५ लाखाच्या आसपास होतं. म्हणजे सरासरीवाला माणूस आरामात बसून खाऊ शकला असता, फक्त ठेवींची सरकारी हमी एका बँकेत २ अब्जपर्यंतच असते त्यामुळे चार बँकांत वाटून ठेवावे लागले असते. पण सरासरी ही फार फसवी चीज आहे. पाव हेक्टरवाला घ्या. मधला भाव धरून त्याला मिळाले १.७५ अब्ज, त्याच्या एफडीचे महिन्याला ३५ लाख. जमीन बापाच्या नावावर होती आणि भावंडं चार, तर प्रत्येकाला पावणेनऊ लाख, किमान वेतनाचा साधारण तिसरा हिस्सा. त्यातून घराचं छप्पर नवं केलं, कर्ज फेडलं की मुद्दलच निम्मं. याच पाव हेक्टरवर एक भाऊ राहून शेत करायचा, बाकीचे तिघे बाहेर, पीक आलं की पोतं-दोन पोती त्यांना, असं सगळ्यांचं भागत होतं. पैसा वाटून देता येतो आणि म्हणूनच तो लगेच वाटला जातो, शेत वर्षानुवर्षं न वाटता चाललं होतं.

आणि ज्यांना एक रुपियाही मिळाला नाही त्यांचं काय, अर्धेलीवाले, मजूर बायका, दुसऱ्याच्या बांधावर चारा कापणारे? यातलं कोणी कुठल्या यादीत नव्हतं. आता कायद्यात भरपाई कशाकशाची द्यायची त्याची यादी बरी लांब आहे, जमीन, बांधकाम, झाडं, "इतर मोजता येण्याजोगं नुकसान" असा एक कप्पाही आहे. पण मजूर बाईचं सीझनचं काम मोजायला कोण बसलंय?

जानेवारी २०२२ ला प्रोजेक्टच्या दारात मोर्चा झाला, आजूबाजूच्या सहा गावांतले लोक, पुढाकार तरुण मंडळांचा. मागणी पैशाची नव्हती, नोकऱ्यांची होती. जमीन घेताना सांगितलं होतं की घरातल्या पोरांना काम मिळेल, ते कुठे आहे. त्या मोर्चातल्या एका साठीच्या आसपासच्या माणसाने पत्रकारांना सांगितलेली गोष्ट सगळीकडे छापून आली, माझ्याकडे सहा गायी होत्या, तीन विकून खाल्ल्या, तीन उरल्यात. लोकांनी यावर "बघा, कोट्यवधी उडवले" असं म्हटलं. मला त्यात वेगळंच दिसतं. शेत गेल्यावर कडबा गेला, बांध गेले, सहा गायींना रोजचा चारा आणायचा कुठून? विकत घेऊन गाय पोसणं खेड्यात कोणालाच परवडत नाही. म्हणजे त्या तीन गायी नुसत्या पोटासाठी गेल्या नसाव्यात, जमिनीबरोबर त्यांचंही जाणं ठरूनच गेलं होतं, आणि ही भरपाई कोणत्याही फर्मच्या मूल्यांकनात धरलेली नसते. त्याने गाडी घेतली असती किंवा नसती घेतली तरी हे झालंच असतं.

नोकऱ्यांचं म्हणाल तर रिफायनरी उभी राहताना हजारोंनी हात लागतात, पण ती कामं कंत्राटदारामार्फत, ठराविक मुदतीची. चालू झाल्यावर लागतात ते ऑपरेटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंटवाले. कंपनीने काही स्थानिक पोरांना चेपूच्या तेल-खाण पॉलिटेक्निकला स्कॉलरशिपवर पाठवलं, हे चांगलंच केलं, पण पन्नाशीच्या मका पिकवणाऱ्याला तिथे कोण घेणार.

मग दुसरं काय करता आलं असतं? यातली मजा म्हणजे उत्तर त्यांच्याच कायद्यात लिहिलेलं आहे. २०१२ च्या कायद्यात भरपाई पैशात देता येते, पर्यायी जमिनीत देता येते, पुनर्वसन करता येतं, कंपनीचे शेअर्सही देता येतात. गावकऱ्यांना मिळाला तो पैसा, कारण तो सगळ्यांनाच सोपा, कंपनीला सोपा, अधिकाऱ्याला सोपा आणि त्या क्षणी शेतकऱ्यालाही सोपा. आणि गंमत बघा, ग्रामपंचायतीच्या मालकीची जमीन असेल तर नियम वेगळा. जावामध्ये सरपंच आणि ग्राम अधिकाऱ्यांना पगाराच्या जागी कसायला द्यायच्या अशा जमिनी परंपरेने असतात, त्या प्रोजेक्टमध्ये गेल्या तर बदल्यात तेवढ्याच किमतीची जमीन द्यावी लागते, पैसे दिलेच तर त्यातून जमीनच घ्यावी लागते. म्हणजे पैसा संपतो आणि जमीन संपत नाही हे सरकारला स्वतःच्या जमिनीबाबत पक्कं ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र चेक दिला की फाइल बंद.

आपल्याकडे याचा संबंध जोडायचा तर दूर जायला नको. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, पुढे २०२३ ला बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तिथेही सगळी चर्चा भावावर आणि नोकऱ्यांवर. कातळावर गुरं चारणारा, दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत हंगामाला राबणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेला कूळ किंवा वाडीतला मच्छी विकणारा, याच्यावर बोलणारे फार थोडे. हेक्टरी किती यापेक्षा एका हेक्टरवर किती चुली हा आकडा आधी काढायला हवा, तो काढणं अवघड नाही, गावात आठ दिवस बसलं की निघतो.

सुमुरगेनेंगचं पुढे काय झालं म्हणाल तर तेही धड नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे त्या मोर्चानंतर महिन्याभरात, रशियाने युक्रेनवर हल्ला केला, रोसनेफ्टभोवती निर्बंधांचं जाळं आवळत गेलं आणि रिफायनरीच्या अंतिम गुंतवणुकीचा निर्णय पुढे पुढे ढकलत राहिला. २०२५ उजाडलं तरी तो झालेला नव्हता. म्हणजे शेतं गेली, झाडं तोडून जागा सपाट करून झाली, आणि ज्या नोकऱ्यांसाठी पोरं मोर्चा काढत होती ती रिफायनरीच उभी नाही. ज्यांनी दुसऱ्या तालुक्यात जमीन घेतली त्यांचं निदान पीक येतंय.